वॉकी-टॉकीला इंटरनेट कोणतं जोडायचं?

पावसाळा तोंडावर आला की गटांमधून आम्हाला एक प्रश्न हमखास येतो. वज्रेश्वरी-गणेशपुरीकडे तानसा चढली, इकडे भिवंडी शहरात कामवारीचं पाणी वस्तीत शिरलं आणि नेमका मोबाइल लागेना, तर निरोप पोचवायचा कसा? 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबई-ठाण्यात फोन कसे मुके झाले होते, ते बऱ्याच जणींना आठवत असेल.

हातातली वॉकी-टॉकी दोन-चार किलोमीटर चालते, मध्ये डोंगर आला की तेवढीही नाही. म्हणून दोन्ही गावांत एकेक रेडिओ संच ठेवून त्याला गेटवे नावाची छोटी पेटी जोडतात. ही पेटी आवाज इंटरनेटवरून पलीकडे पाठवते, तिथली पेटी तो पुन्हा हवेत सोडते. गावात रेडिओ, लांबच्या वाटेला इंटरनेट, असा हा जोड.

परवान्याचं मात्र आधी बघा. 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झवरचे, कमी ताकदीचे आणि मंजुरी मिळालेले संच विनापरवाना वापरता येतात. बाजारात मिळणारा प्रत्येक संच तसा नसतो. इंटरनेटला जोडण्याआधी दूरसंचार विभागाला लेखी विचारा, आणि तहसीलदार कार्यालयाला सोबत घ्या. निरोप ऐकायला पलीकडे कुणी बसलेलंच नसेल तर पेटी घेऊन काय करायचं?

आता इंटरनेट. दुकानदार पहिल्यांदा वेग सांगतो, शंभर एमबी, दोनशे एमबी. आपल्याला त्याचं काही घेणं नाही. चांगल्या आवाजालाही साधारण 90 केबी वेग पुरतो. तासभर सलग बोललं तरी 40 एमबीच्या आसपास डेटा जातो, तेवढा कुठल्याही साध्या पॅकमध्ये बसतो. आवाजाला हवी असते एकसारखी चाल. मागावर धोटा अडखळत आला की कापडाचं काय होतं, ते भिवंडीकरणींना सांगायला नको. इथंही शब्द अडखळत आले की "पाणी आलं" आणि "पाणी नाही आलं" यातला "नाही" मध्येच गळतो.

म्हणून केबलवाल्याला वेग विचारू नका. हे विचारा: "तुमच्या ऑफिसपासून आमच्या घरापर्यंत मध्ये विजेवर चालणाऱ्या किती पेट्या आहेत?" फायबर थेट ऑफिसातून येत असेल तर वाटेत वीज लागत नाही, दोन्ही टोकांना बॅटरी असली की झालं. पण खांबाखांबावर स्विचच्या पेट्या टांगलेल्या असतील, तर गल्लीतली वीज गेली की तुमची बॅटरी भरलेली असूनही नेट बंद. ग्रामपंचायतीत भारतनेटची फायबर आली असेल तर ती चालू आहे का, तिथं बॅटरी आहे का, हे स्वतः जाऊन बघा. कागदावर ती बहुतेक ठिकाणी चालूच असते!

सिमकार्डचं नेट लावायला सोपं. टॉवरला बॅटरी असते, पण ती काही तासांची. आणि पुराच्या दिवशी सगळा गाव एकदम फोन लावतो, तेव्हा तुमच्या पेटीलाही रांगेत उभं राहावं लागतं. तरीही आमचं मत असं की पहिली वाट फायबर आणि दुसरी सिम ठेवावी. फक्त दोन्ही एकाच कंपनीच्या घेऊ नका, बिघाड झाला तर दोन्ही एकदम जातील.

गावं जवळची असतील आणि एका छतावरून दुसरं छत दिसत असेल, तर छोट्या डिश लावून थेट जोड करता येतो. त्यात कुठल्याच कंपनीवर अवलंबून राहावं लागत नाही. मात्र डिश पत्र्याच्या छपराला बांधू नका, वाऱ्यानं तोंड फिरलं की जोड तुटतो.

सिमवाल्यांची एक अडचण दुकानात कुणी सांगत नाही. मोबाइल कंपनी बऱ्याचदा शेकडो ग्राहकांना बाहेरून एकच पत्ता देते. चाळीचा पत्ता आहे, खोलीचा नंबर नाही, असा प्रकार. बाहेरून तुमच्या पेटीला हाक मारली तर ती पोचतच नाही. म्हणून दोन्ही पेट्यांनी स्वतःहून एका ठरलेल्या सर्व्हरला जोडून राहावं, अशी मांडणी करून घ्या. तो सर्व्हर पूर येणाऱ्या भागात नसावा, एवढं बघा.

बसवून झालं की पैसे देण्याआधी चाचणी घ्या. घराचा मेन स्विच बंद करा आणि अर्धा तास बोला. मग फायबरची वायर काढा आणि पेटी आपोआप सिमवर जाते का ते बघा. राउटर साधारण 12 वॅटचा असतो. 12 व्होल्ट, 7 अँपिअर-तासाच्या बॅटरीवर तो हिशेबानं सात तास चालायला हवा, प्रत्यक्षात चार-पाच धरा. गेटवे आणि रेडिओ संच त्याच बॅटरीवर टाकलेत तर आणखी कमी.

बोलताना बटण दाबल्यावर एक सेकंद थांबून मग तोंड उघडा, नाहीतर पहिला शब्द वाटेतच राहतो. आणि तो पहिला शब्द बहुतेक वेळा गावाचं नाव असतं.