कृष्णविवरातील सिंग्युलॅरिटी : गैरसमज आणि वस्तुस्थिती

कृष्णविवराच्या केंद्राशी अनंत घनतेचा बिंदू असतो आणि त्याला सिंग्युलॅरिटी म्हणतात, हे विधान सर्रास सिद्ध सत्य म्हणून सांगितले जाते. प्रत्यक्षात आइन्स्टाइन यांचा व्यापक सापेक्षता सिद्धान्त, म्हणजेच गुरुत्वाकर्षणाचा उलगडा अवकाश-कालाच्या वक्रतेने करणारा सिद्धान्त, जेथे उत्तर देणे थांबवतो, त्या सीमेचे ते नाव आहे.

गैरसमज १ : समीकरणात अनंत आले की निसर्गातही ते असतेच.

वस्तुस्थिती : आइन्स्टाइन यांच्या समीकरणांच्या, खगोलशास्त्रज्ञ श्वार्त्झशील्ड यांनी १९१६ मध्ये मांडलेल्या उकलीत अनंत राशी दोन ठिकाणी येतात. त्यांपैकी एक जागा घटना क्षितिजाची, म्हणजे जेथून प्रकाशही परतू शकत नाही त्या सीमेची. उत्तर ध्रुवावर सर्व रेखावृत्ते एकत्र येत असली तरी तेथील जमिनीत काही बिघाड नसतो, त्याचप्रमाणे क्षितिजावरील अनंत हा केवळ मोजणीच्या पद्धतीतील दोष असल्याचे भौतिकशास्त्रज्ञ लमेत्र यांनी १९३३ मध्ये स्पष्ट केले. आतील सिंग्युलॅरिटी मात्र अशी दूर करता येत नाही, कारण तेथे वक्रताच अमर्याद वाढते.

गैरसमज २ : सिंग्युलॅरिटी हा केंद्रस्थानी असलेला बिंदू आहे.

वस्तुस्थिती : न फिरणाऱ्या कृष्णविवरात क्षितिजाच्या आत केंद्राकडील दिशा काळाची भूमिका घेते, त्यामुळे सिंग्युलॅरिटी ही जागा नसून टाळता न येणारा भविष्यातील क्षण ठरते. सूर्याच्या सुमारे ४० लाख पट वस्तुमानाच्या अशा कृष्णविवरात शिरलेल्या वस्तूवर तो क्षण फार तर सुमारे एका मिनिटात ओढवतो. फिरत्या कृष्णविवराच्या, गणितज्ञ केर यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या उकलीत सिंग्युलॅरिटी कड्याच्या आकाराची आहे.

गैरसमज ३ : गणितज्ञ पेनरोझ यांनी अनंत घनता सिद्ध केली.

वस्तुस्थिती : भौतिकशास्त्रज्ञ अमलकुमार रायचौधुरी यांच्या १९५५ च्या समीकरणाच्या आधारे पेनरोझ यांनी १९६५ मध्ये दाखवले, की ज्याच्यापासून बाहेरच्या दिशेने निघालेला प्रकाशही आकसतच जातो असे बंदिस्त पृष्ठ एकदा तयार झाले आणि ऊर्जेविषयीच्या काही अटी पाळल्या गेल्या, तर प्रकाशाचा निदान एक मार्ग पुढे वाढवता येत नाही. तो का खुंटतो किंवा तेथे घनता किती असते, हे त्यांचे प्रमेय सांगत नाही. मार्ग खुंटणे म्हणजे सिंग्युलॅरिटी असणेच नव्हे, असा आक्षेप केर यांनी २०२३ मध्ये घेतला.

गैरसमज ४ : निरीक्षणांनी सिंग्युलॅरिटीवर शिक्कामोर्तब केले आहे.

वस्तुस्थिती : २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एम८७ दीर्घिकेतील कृष्णविवराच्या छायाचित्रात दिसते ते क्षितिजाबाहेरील तप्त वायूचे प्रकाशवलय आणि त्यातील सावली. पेनरोझ यांना २०२० चे नोबेल मिळाले तेही कृष्णविवराची निर्मिती हे सापेक्षता सिद्धान्ताचे भक्कम भाकीत असल्याचे दाखवल्याबद्दल.

वक्रता पराकोटीला पोचली की पुंज सिद्धान्ताचे, म्हणजे सूक्ष्म जगाचे, नियम लागू होणे अपेक्षित असल्याने, बहुतेक भौतिकशास्त्रज्ञ सिंग्युलॅरिटीकडे सापेक्षता सिद्धान्ताच्या मर्यादेची खूण म्हणून पाहतात. महाराष्ट्रातील शिरपूर येथे जन्मलेले भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकर यांनी हावियेर ओल्मेदो आणि परमप्रीत सिंग यांच्यासह २०१८ मध्ये मांडलेल्या प्रारूपात अवकाश कणमय मानल्यामुळे वक्रता सान्त राहते आणि सिंग्युलॅरिटीच्या जागी अवकाश-काल पुढे चालू राहतो. तथापि या प्रारूपाला प्रयोगाचा आधार अद्याप मिळालेला नाही. म्हणून ‘कृष्णविवरात सिंग्युलॅरिटी असते’ असे ठामपणे न म्हणता, ‘सापेक्षता सिद्धान्त तेथे सिंग्युलॅरिटी वर्तवतो आणि तेथेच अपुरा पडतो’ असे म्हणणे वस्तुस्थितीला धरून होईल.