हाडांनाही काम हवे

हाड म्हटले की आपल्याला काहीतरी दगडासारखे, निर्जीव आठवते. प्रत्यक्षात हाड जिवंत असते. ते रोज थोडे मोडले जाते आणि रोज थोडे नव्याने बांधले जाते. कुठे मोडायचे आणि कुठे बांधायचे, हे बऱ्याच अंशी त्याच्यावर पडणाऱ्या भारावरून ठरते.

हे उमगले त्यात एका इंजिनिअरचाही वाटा आहे. १८६०च्या दशकात झुरिकमध्ये हर्मान फॉन मायर हे शरीररचनाशास्त्रज्ञ मांडीच्या हाडाच्या वरच्या टोकाचा अभ्यास करत होते. ते हाड आतून जाळीदार असते. कार्ल कुलमान या इंजिनिअरांना त्या जाळीत क्रेनमधल्या ताणाच्या आणि दाबाच्या रेषा दिसल्या! पुढे १८९२ मध्ये बर्लिनचे शल्यविशारद युलियस वोल्फ यांनी नियमच मांडला: हाडावरचा भार बदलला, की हाडाची रचनाही बदलते.

हाडाला हे कळते कसे? हाडाच्या आत असंख्य पेशी बारीक नळ्यांनी एकमेकींशी जोडलेल्या असतात. आपण पाऊल टाकले की हाड किंचित वाकते, नळ्यांतला द्रव हलतो आणि पेशींना भाराची वर्दी मिळते. मग त्या बांधणाऱ्या पेशींना कामाला लावतात. वर्दी आलीच नाही, तर मोडणाऱ्या पेशींचे फावते.

टेनिसपटूचा खेळणारा हात पाहा. त्याचे हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असते. उलट, अंतराळात वजनच जाणवत नाही. तिथे महिनोन्‌महिने राहणाऱ्या अंतराळवीरांच्या खुब्याच्या हाडाची घनता महिन्याला सुमारे एक ते दीड टक्क्याने घटल्याचे आढळले आहे.

अंतराळ दूर राहिले. मला काळजी वाटते ती आपल्या घरातल्या आजींची. त्या एकदा न्हाणीघरात घसरल्या, की सगळे प्रेमाने सांगतात, ‘आता तुम्ही बसून राहा, कशाला हात लावू नका.’ पाण्याचा तांब्याही जागेवर मिळतो. काही महिन्यांत मांड्या वाळतात, हाडे विरळ होतात, तोल जाऊ लागतो. पुढच्या पडण्यात खुबाच मोडतो. कॅल्शियमच्या गोळ्या मात्र नेमाने चालू असतात! विटा-सिमेंट आणून टाकले आणि गवंड्याला काम सांगितलेच नाही, तर भिंत उभी कशी राहणार?

म्हणून वडीलधाऱ्यांना चालू द्या. कठड्याला धरून जिना चढू द्या. खुर्चीतून हाताचा आधार न घेता उठण्याचा सराव करू द्या. शेजारी कुणीतरी उभे राहा म्हणजे झाले. हाडे आधीच विरळ असतील, तर कोणता व्यायाम किती करायचा आणि वाकणे कितपत चालेल, हे डॉक्टरांना विचारा. न्हाणीघरात धरायला दांडी बसवा, ओली फरशी पुसून घ्या. पडण्याची भीती खरी आहे. पण तिच्यावरचा उपाय खाट नव्हे. आजींच्या हातातले काम काढून घेणे म्हणजे त्यांच्या हाडांना रजा देणे, आणि रजेवरचे हाड हळूहळू झिजतच जाते.