‘च्या आत’ आणि ‘कमीत कमी’: दुकानातील मर्यादांचा हिशेब व आलेख

व्यापारी दिवसभर जी भाषा बोलतो ती ऐकली तर ‘बरोबर इतके’ हा शब्द फार थोड्या वेळा येतो. ‘पाचशेच्या आत दाखवा’, ‘कमीत कमी दोन डझन घ्यावे लागतील’, ‘जास्तीत जास्त पंधरा दिवसांची उधारी’, ‘निदान भाडे तरी निघाले पाहिजे’ हीच आपली रोजची वाक्ये. शाळेत मात्र आपल्याला बरोबरीचे गणित जास्त शिकवले गेले. उर्दू शाळेत आम्ही त्याला ‘मसावात’ म्हणत असू, मराठीत समीकरण म्हणतात. समीकरणाचे उत्तर बहुधा एकच आकडा असतो. ‘च्या आत’ आणि ‘कमीत कमी’ यांचे उत्तर म्हणजे एक पट्टा किंवा एक क्षेत्र असते आणि त्या क्षेत्रात कुठे उभे राहायचे हे दुकानदाराने ठरवायचे असते. या गणिताला असमानता म्हणतात. दहावीपर्यंत शिकलेल्या कोणालाही ते जमते. त्याला लागते फक्त चौकटीची वही, पट्टी आणि पेन्सिल.

चिन्हे चारच आहेत. < म्हणजे पेक्षा कमी, > म्हणजे पेक्षा जास्त. ही दोन इंग्रज गणिती थॉमस हॅरियट यांच्या १६३१ साली, त्यांच्या मृत्यूनंतर, छापलेल्या पुस्तकात प्रथम दिसतात. खाली रेघ जोडली की ≤ म्हणजे ‘तितके किंवा कमी’ आणि ≥ म्हणजे ‘तितके किंवा जास्त’. चिन्हे नवी असली तरी विचार जुना आहे. नवव्या शतकात बगदादेत मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांनी अल्-जब्रवर जो ग्रंथ लिहिला, त्याचा मोठा भाग वसियत आणि वारसाहक्काच्या हिशेबांचा आहे. आणि वसियत मालमत्तेच्या एक तृतीयांशापर्यंतच, हा नियम म्हणजे असमानताच झाली.

खालची रेघ असणे आणि नसणे यात किती फरक पडतो हे सरकारी नियमांत स्पष्ट दिसते. व्यवसायाच्या खर्चापोटी एका व्यक्तीला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिली तर आयकरात तो खर्च धरला जात नाही (मालवाहतूकदारासाठी ही मर्यादा ३५,००० आहे). म्हणजे रोख ≤ १०,०००. पूर्ण दहा हजार दिले तरी चालतात. उलट एका व्यक्तीकडून एका दिवसात २ लाख रुपये ‘किंवा त्याहून अधिक’ रोख घेण्यास १ एप्रिल २०१७ पासून मनाई आहे. म्हणजे रोख < २,००,०००. येथे पूर्ण दोन लाख घेतले तरी नियम मोडतो आणि दंड घेतलेल्या रकमेइतकाच होऊ शकतो. कागदावर एक आडवी रेघ ओढून त्यावर आकडे मांडा. १०,००० वर भरीव टिंब द्या आणि डावीकडची रेघ जाड करा. २,००,००० वर पोकळ वर्तुळ काढा आणि डावीकडची रेघ जाड करा. भरीव टिंब म्हणजे तो आकडा आत, पोकळ म्हणजे बाहेर. एका अक्षाच्या आलेखात याहून अधिक काही नाही.

आता सोडवण्याकडे वळू. गोंदिया जिल्ह्याच्या एका बाजूला मध्य प्रदेश, दुसऱ्या बाजूला छत्तीसगड. बालाघाट चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर, नागपूर त्याच्या कितीतरी पट दूर. पण ई-वे बिलाच्या बाबतीत बालाघाटच लांबचे! राज्याबाहेरून ५०,००० रुपयांपेक्षा जास्त किमतीचा माल आणायचा तर ई-वे बिल लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा १ लाख आहे. आणि ही किंमत कर धरून मोजली जाते, हे अनेकजण विसरतात. समजा राजनांदगावहून ३८० रुपये दराने ड्रेस मटेरियल आणायचे आहे आणि त्यावर ५ टक्के जीएसटी. एक नग ३९९ रुपयांना पडला. नगांची संख्या क्ष मानू.

३९९ × क्ष ≤ ५०,०००

दोन्ही बाजूंना ३९९ ने भागले की क्ष ≤ १२५.३ येते. नग अर्धा-पाव नसतो, म्हणून १२५. त्यांची किंमत ४९,८७५ होते. १२६ नगांची ५०,२७४ होते, म्हणजे तेथे ई-वे बिल हवेच. कर न धरता ३८० ने भागणारा माणूस १३१ नग गाडीत भरेल आणि नाक्यावर अडकेल. मर्यादा टाळण्यासाठी एकाच मालाची तीन बिले फोडणे हे मात्र गणित नव्हे. त्याचा सल्ला येथे कोणी शोधू नये. शिवणकामाला माल राज्याबाहेरच्या कारागिराकडे पाठवणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी: अशा मजुरीच्या कामाला ई-वे बिल किमतीची मर्यादा न पाहता लागते.

‘कमीत कमी’च्या हिशेबात अपूर्णांक उलट दिशेने सोडायचा असतो. आमगाव, सालेकसा, देवरीकडच्या आठवडी बाजारात दुकान लावणाऱ्याचे उदाहरण घ्या. गाडीभाडे ९००, जागेचे आणि किरकोळ १००, मदतनिसाची मजुरी ५००, एकूण १,५००. नगामागे ४० रुपये सुटतात. तोटा नको असेल तर ४० × क्ष ≥ १,५००, म्हणजे क्ष ≥ ३७.५. येथे ३७ घेऊन चालत नाही, ३८ घ्यावे लागतात. ‘जास्तीत जास्त’ असेल तेव्हा खालचा पूर्ण आकडा, ‘कमीत कमी’ असेल तेव्हा वरचा. आणि ३८ नगांवर स्वतःच्या दिवसाची मजुरी अजून निघालेली नाही, हेही ध्यानात असावे.

आता या विषयातली एकच अवघड जागा. दोन्ही बाजूंना वजा आकड्याने गुणले किंवा भागले की चिन्ह उलटते. विद्यार्थी हे पाठ करतात. व्यापाऱ्याला पाठ करण्याची गरज नाही. गल्ल्यात ८०० रुपये ५०० पेक्षा जास्त. पण ८०० चा तोटा ५०० च्या तोट्यापेक्षा वाईट, म्हणजे −८०० < −५००. दोन्ही आकड्यांपुढे वजा लागला आणि मोठा तो लहान झाला. समजा हातात १८,००० आहेत, रोजचा खर्च ७५०, आणि भाड्यासाठी ६,००० राखायचेच आहेत. माल येईपर्यंत किती दिवस काढता येतील? दिवसांना द म्हणू.

१८,००० − ७५० × द ≥ ६,०००

दोन्हीकडून १८,००० वजा केले: −७५० × द ≥ −१२,०००. आता −७५० ने भागताना चिन्ह फिरवा: द ≤ १६. चिन्ह न फिरवता ‘द ≥ १६’ लिहिले तर अर्थ होईल की सोळा दिवसांनंतर कितीही दिवस बसून खा, पैसे उरतीलच! उत्तर आल्यावर ते असे बोलून पाहावे; चूक असेल तर कानाला लगेच कळते.

खरी गंमत दोन माल असतात तेव्हा येते, आणि आलेखही तेव्हाच उपयोगी पडतो. लग्नसराईपूर्वी एका लहान दुकानदाराकडे खरेदीसाठी १,२०,००० रुपये आहेत. साडी सरासरी ६०० ला पडते, ड्रेस मटेरियल ४०० ला. फळ्यांवर सगळे मिळून २५० नगच मावतात. साडीवर १५० रुपये सुटतात, ड्रेसवर ११०. साड्या क्ष, ड्रेस य. दोन अटी झाल्या:

पैशाची: ६०० क्ष + ४०० य ≤ १,२०,०००, म्हणजे २०० ने भागून ३ क्ष + २ य ≤ ६००.
जागेची: क्ष + य ≤ २५०.

शिवाय दोन्ही आकडे शून्य किंवा जास्त, कारण वजा साड्या कोणी भरत नाही.

वहीवर आडव्या रेघेवर साड्या आणि उभ्या रेघेवर ड्रेस मांडा. एक सेंटिमीटर म्हणजे ५० नग. पैशाची रेषा काढायला दोन बिंदू पुरतात. सगळा पैसा साड्यांत घातला तर २०० साड्या, सगळा ड्रेसमध्ये घातला तर ३०० ड्रेस. आडव्या रेघेवर २०० आणि उभ्या रेघेवर ३०० जोडा. जागेची रेषा २५० ला २५० जोडते. ‘किंवा तितके’ चालते म्हणून रेषा अखंड काढायच्या. नुसते < असते तर तुटक काढल्या असत्या. रेषेची कोणती बाजू आपली, हे ठरवायला एक बिंदू घालून पाहावा. सर्वांत सोपा म्हणजे (०, ०), रिकामे दुकान. शून्य साड्या, शून्य ड्रेस दोन्ही अटींत बसतात, म्हणून शून्याकडची बाजू आपली. दोन्ही रेषांच्या आतला भाग पेन्सिलीने भरला की एक चौकोन दिसतो. त्याचे कोपरे (०, ०), (२००, ०), (१००, १५०) आणि (०, २५०). दोन रेषा छेदतात तो कोपरा काढायला जागेच्या रेषेतून य = २५० − क्ष घेऊन पैशाच्या रेषेत ठेवा: ३ क्ष + ५०० − २ क्ष = ६००, म्हणून क्ष = १००.

या चौकोनातला प्रत्येक बिंदू म्हणजे जमू शकणारी एक खरेदी आहे. त्यातली सर्वांत फायद्याची कोणती? पट्टी घ्या. ज्या खरेद्यांवर सारखाच नफा होतो त्या सगळ्या एका सरळ रेषेवर येतात. नफा वाढवत गेलो की ती रेषा तिरकेपणा न बदलता बाहेर सरकते. पट्टी तशी सरकवत नेली तर चौकोन सोडताना ती शेवटी एखाद्या कोपऱ्यालाच स्पर्श करते. म्हणून हजारो बिंदू तपासायची गरज नाही, कोपरे तपासावेत. २०० साड्यांवर ३०,००० सुटतात; २५० ड्रेसवर २७,५००; १०० साड्या आणि १५० ड्रेसवर १५,००० + १६,५०० = ३१,५००. नगामागे नफा जास्त म्हणून सगळा पैसा साड्यांत घालणाऱ्याच्या पन्नास नगांच्या फळ्या रिकाम्या राहतात आणि १,५०० रुपये जातात.

साडीवरचा नफा १६५ झाला तर? (२००, ०) वर ३३,००० आणि (१००, १५०) वरही ३३,०००. पट्टी पैशाच्या रेषेवर सपाट बसते, मधल्या सर्व खरेद्या सारख्याच. १६५ च्या वर गेला की सगळ्या साड्याच फायद्याच्या, निदान कागदावर. एकाच मालात सगळे मुद्दल अडकवणे बाजारात किती शहाणपणाचे, हे आलेखाला विचारू नये. आणि जुन्या गिऱ्हाइकांसाठी निदान १२० साड्या ठेवायच्याच असतील तर क्ष ≥ १२० ही उभी रेषा काढा. मग सर्वांत चांगला कोपरा (१२०, १२०) आणि नफा ३१,२००. म्हणजे गिऱ्हाईक राखण्याची किंमत फक्त ३०० रुपये.

शिंपी बांधवांसाठी थोडक्यात. ईदपूर्वी १२ दिवस, रोज १० तास, एकूण १२० तास. कुर्त्याला २ तास, पायजम्याला १ तास: २ क्ष + य ≤ १२०. लोक नुसता कुर्ता शिवतात, नुसता पायजमा सहसा नाही: य ≤ क्ष. ही दुसरी रेषा शून्यातूनच जाते, म्हणून (०, ०) घालून बाजू कळत नाही. (१०, ०) घाला: ० ≤ १० खरे, म्हणून रेषेच्या खालची बाजू आपली. दोन रेषा (४०, ४०) ला मिळतात. चाळीस जोडांपुढे बयाणा घेतला तर चाँदरातीला कोणाला तरी रिकाम्या हाताने परत पाठवावे लागेल. २५ जोड घेऊन झाले असतील तर ७५ तास गेले, ४५ उरले. नुसते कुर्ते घ्यायचे तर आणखी २२ पर्यंतच.

तयार कपडे विकणाऱ्यांच्या वाट्याला एक तुटलेली रेषा आली आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नगाची करापूर्वीची किंमत २,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के, त्याहून जास्त असेल तर १८ टक्के जीएसटी. २,५०० च्या शेरवानीला गिऱ्हाईक २,६२५ देते. किंमत एक रुपयाने वाढवली की २,९५१ च्या वर. म्हणजे गिऱ्हाइकाच्या खिशातून २,६२५ ते २,९५० यांमधली रक्कम काढणारी किंमतच नाही. आलेखात येथे २,५०० वर भरीव टिंब, आणि वर दुसऱ्या रेषेच्या सुरुवातीला पोकळ वर्तुळ येते. साडी आणि थानाच्या कापडाला हा कडा नाही.

माल तीन प्रकारचे झाले की कागद अपुरा पडतो. असे मोठे हिशेब सोडवण्याची पद्धत रशियात लिओनिद कांतोरोविच यांनी १९३९ मध्ये प्लायवूडच्या कारखान्याच्या प्रश्नातून मांडली आणि अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ मध्ये वेगळ्या वाटेने पूर्णत्वास नेली; आता संगणक ते क्षणात करतो. पण लहान दुकानाला एक साधी युक्ती पुरते. वरच्याच दुकानदाराला ५० चादरी ठेवाव्यात का असा प्रश्न पडला आहे, चादर २४० ला पडते. चादरींचे १२,००० रुपये आणि ५० नगांची जागा आधीच वजा करा. उरले १,०८,००० आणि २०० नग. रेषा पुन्हा काढा: ३ क्ष + २ य ≤ ५४०, क्ष + य ≤ २००. कोपरा (१४०, ६०), नफा २७,६००. पूर्वी ३१,५०० होता, म्हणजे ३,९०० कमी. एका चादरीवर च रुपये सुटत असतील तर ५० × च ≥ ३,९०० हवे, म्हणजे च ≥ ७८. २४० च्या चादरीवर आपल्या बाजारात ७८ रुपये सुटतात काय, एवढेच आता त्याने विचारून यायचे आहे.