हिऱ्यातील दोष, विज्ञानाचे साधन

हिऱ्याची पारख करताना जाणत्याची नजर प्रथम दोषाचा शोध घेते. भिंगाखाली दिसणारा सूक्ष्म डाग, अंतर्भागातील बारीक रेघ, रंगात उतरलेली पिवळसर झाक यांपैकी काहीही आढळले की किंमत उतरते. मुंबईतील वांद्रे-कुर्ला संकुलातील हिरेबाजार असो वा सुरतेतील हिरे घासण्याचे कारखाने, जैन समाजातील असंख्य कुटुंबांची उपजीविका पिढ्यान्‌पिढ्या या पारखीवर उभी आहे. परंतु गेल्या काही दशकांत भौतिकशास्त्रज्ञांचा एक वर्ग हिऱ्याकडे नेमक्या उलट अपेक्षेने पाहू लागला आहे. त्याला हिऱ्यात हवा आहे तो दोषच.

रिकाम्या जागेचा प्रकाश

हिरा म्हणजे कार्बनच्या अणूंची अत्यंत घट्ट व शिस्तबद्ध रचना. या रचनेत कधी कधी कार्बनच्या जागी नायट्रोजनचा अणू शिरतो. हिऱ्याला पिवळसर छटा येते ती प्रामुख्याने त्याच्यामुळे. अशा नायट्रोजनच्या शेजारची कार्बनची जागा जर रिकामी असेल, तर अणू आणि रिक्तस्थान यांची एक जोडी तयार होते. शास्त्रज्ञ तिला ‘एनव्ही केंद्र’ म्हणतात. तिचा विस्तार एका नॅनोमीटरहूनही कमी, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागापेक्षाही लहान असतो.

या केंद्रावर हिरवा प्रकाश टाकला असता ते तांबडा प्रकाश परत देते. अतिनील दिव्याखाली अनेक हिरे निळे चमकतात, हे व्यापाऱ्यांना ठाऊक असते. ती चमक तीन नायट्रोजन अणूंनी वेढलेल्या रिक्तस्थानाची असते. तांबडा प्रकाश देणारे हे केंद्र त्याहून वेगळे. प्रयोगशाळेत वापरले जाणारे बहुतेक सेंद्रिय रंग सतत उजेडात ठेवल्यास लवकर फिके पडतात. हिऱ्यातील केंद्र मात्र दीर्घकाळ तेवत राहते. 1997 साली जर्मनीत योर्ग व्राखट्रुप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी असे एकेकटे केंद्र वेगळे ओळखून दाखविले आणि या संशोधनाला नवी दिशा मिळाली.

प्रकाश साक्ष देतो

या केंद्रातील इलेक्ट्रॉनांना ‘स्पिन’ नावाचा गुणधर्म असतो व स्पिनच्या अवस्थेनुसार तांबडा प्रकाश कमी-अधिक होतो. सुमारे 2.87 गिगाहर्ट्‌झ वारंवारतेच्या सूक्ष्मलहरी दिल्या की प्रकाश किंचित मंदावतो. जवळ चुंबकीय क्षेत्र असेल तर मंदावण्याची ही वारंवारता दोन भागांत विभागते. तापमान बदलले तर ती सरकते. म्हणजे केवळ प्रकाशाची तीव्रता मोजून, स्पर्श न करता, अतिसूक्ष्म जागेतील चुंबकत्व व उष्णता जाणता येते. 2013 साली हार्वर्ड विद्यापीठातील संशोधकांनी जिवंत मानवी पेशीत हिऱ्याचे नॅनोकण सोडून पेशीच्या आतील तापमान मोजले.

निदानाची नवी पट्टी

या विद्येचा सर्वांत मानवीय उपयोग रोगनिदानात संभवतो. गर्भधारणेच्या किंवा कोविडच्या घरगुती चाचणीत उमटणारी लाल रेघ बहुधा सोन्याच्या नॅनोकणांची असते. स्वस्त व सोपी अशी ही चाचणी आहे. तथापि विषाणूचे प्रमाण अगदी कमी असेल तर रेघ उमटत नाही, आणि संसर्ग असूनही माणूस निर्धास्त राहतो. कणांची चमक वाढविली तरी कागदाच्या पट्टीची स्वतःची चमक आड येते.

लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील रेचेल मॅकेंड्री यांच्या गटाने 2020 साली यावर उपाय दाखविला. सोन्याऐवजी त्यांनी हिऱ्याचे कण वापरले आणि सूक्ष्मलहरींच्या साहाय्याने त्यांचा प्रकाश ठरावीक लयीत कमी-जास्त केला. कागदाची चमक त्या लयीला साथ देत नाही. त्यामुळे दोहोंचा प्रकाश वेगळा काढता आला. सोन्याच्या कणांच्या तुलनेत ही पद्धत सुमारे एक लाख पट संवेदनशील ठरली व एचआयव्हीच्या जनुकीय द्रव्याचा अत्यल्प अंशही तिने ओळखला. हे यश प्रयोगशाळेतील आहे. खेड्यातील आरोग्य केंद्रापर्यंत पोहोचण्यासाठी स्वस्त वाचकयंत्र आणि मोठ्या संख्येच्या रुग्णांवरील पडताळणी आवश्यक आहे. मात्र ज्या रोगात लवकर निदान म्हणजे लवकर उपचार, तेथे या एका रेघेचे मोल दागिन्यातील हिऱ्यापेक्षा अधिक ठरेल.

व्यवसायापुढील प्रश्न

भारतानेही या क्षेत्रात पाऊल टाकले आहे. 2023 साली मंजूर झालेल्या राष्ट्रीय क्वांटम अभियानात संवेदन व मापनाचे केंद्र मुंबईच्या आयआयटीकडे सोपविण्यात आले. हिऱ्यातील याच केंद्रांच्या आधारे चिपमधील चुंबकीय क्षेत्राचे चित्र घेण्याचे कामही तेथे चालते.

यासाठी लागणारा हिरा बहुधा खाणीतला नसतो. नायट्रोजनचे प्रमाण नियंत्रित ठेवून तो प्रयोगशाळेत घडविला जातो. नंतर इलेक्ट्रॉनांचा मारा करून त्यात रिक्तस्थाने निर्माण करतात व सुमारे 800 अंशांहून अधिक तापवून ती नायट्रोजनशेजारी आणतात. प्रयोगशाळेतील हिऱ्यांमुळे दागिन्यांच्या बाजारात अस्वस्थता आहे, हे खरे. संवेदकांची मागणी ती पोकळी भरून काढील, अशी आशा बाळगणे भाबडेपणाचे होईल, कारण येथे हिरा लागतो तो अत्यल्प, आणि कौशल्य लागते ते निराळे. तथापि हिऱ्याचे ज्ञान ज्या घरांत आहे, त्या घरांतील मुलामुलींनी पदार्थविज्ञानाकडे वळावे, यासाठी हे कारण पुरेसे आहे.

जैन दर्शनातील परमाणू आणि रसायनशास्त्रातील अणू एकच, असे म्हणण्याची घाई येथे नको. दोहोंच्या व्याख्या भिन्न आहेत. अनेकान्ताची दृष्टी मात्र येथे सहज उपयोगी पडते. एकच रिक्तस्थान जवाहिऱ्याच्या अपेक्षेने दोष आहे, वैज्ञानिकाच्या अपेक्षेने गुण आहे. दोन्ही विधाने आपापल्या जागी सत्य आहेत. एकाच निकषावर वस्तूची वा माणसाची किंमत करणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.