कड्याच्या पोटातली जागा

शर्यतीचं मैदान म्हणजे मुळात हिरवळीचं एक कडं. घोडे धावतात ते कडेच्या पट्टीवर. पण पलीकडच्या अंगाला कोण पुढे आहे ते स्टँडमधून दिसायला हवं, म्हणून कड्याचं पोट रिकामं ठेवावंच लागतं. महालक्ष्मी रेसकोर्सचा इतिहास हा मला या रिकाम्या पोटाचा इतिहास वाटतो.

मुंबईच्या शर्यती आधी भायखळ्याला होत. अरबी घोड्यांचे सौदेही त्याच भागात चालत. १८८३मध्ये शर्यतींनी महालक्ष्मी गाठली. त्याआधीच हॉर्नबी वेलार्डच्या बांधाने वरळीची खाडी अडली होती, भरतीचं पाणी थांबलं होतं, पण मागे उरली ती खोलगट, दलदलीची जमीन. घर बांधायला तिथे कोण धजावणार? मेलबर्नच्या कॉलफिल्ड मैदानाचा नमुना समोर ठेवून दोनशेहून अधिक एकरांवर हे मैदान उभं राहिलं.

मांडणीतली गंमत अशी की विनिंग पोस्ट स्टँडसमोर कायम रोवलेला. अंतर बदलेल तसं सरकतं ते स्टार्टिंग गेट. हजार मीटरची शर्यत दूर कुठेतरी सुटते आणि दुर्बीण नसलेल्याला घोडे दिसतात ते थेट शेवटच्या सरळ पट्ट्यात. जाणता पंटर मात्र टिपांच्या पुस्तकापेक्षा पॅडॉकच्या कठड्याशी जास्त रेंगाळतो. मोतद्दार घोडा फिरवत असताना त्याची चाल, त्याला सुटलेला घाम, सारं तिथेच कळतं.

इंडियन डर्बी २४०० मीटरची. १९४३ची पहिली डर्बी बडोद्याच्या महाराजांच्या ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ने जिंकली. पहिलाच मान घोडीने पटकावला, हे मला फार आवडतं.

पावसाळ्यात महालक्ष्मीच्या टर्फवर शर्यती होत नाहीत. जुलैपासून सारा लवाजमा पुण्याला, लष्कराच्या जमिनीवरच्या १८३०च्या मैदानावर जातो. त्याच पुण्यात १९४६मध्ये पूनावाला स्टड फार्म निघाला. तिथले निवृत्त घोडे प्रतिविष बनवण्यासाठी हाफकिन संस्थेकडे जात. हे काम आपणच का करू नये, या पूनावालांच्या विचारातून १९६६मध्ये सीरम इन्स्टिट्यूट उभी राहिली. रेसला नुसता जुगार म्हणणाऱ्यांना मी ही गोष्ट ऐकवतो. (जुगार आहेच, पण सर्वोच्च न्यायालयाने १९९६मध्ये त्याला कौशल्याचा खेळ ठरवलं.)

महालक्ष्मीच्या जागेचा महापालिकेचा भाडेपट्टा २०१३मध्ये संपला. पुढची दहा-अकरा वर्षं वादात गेली. २०२४च्या तडजोडीत २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी पालिकेकडे आले, ९१ एकर शर्यती भरवणाऱ्या क्लबकडे राहिले. सकाळी चालायला येणाऱ्यांसाठी हे मैदान आधीपासूनच बाग होतं. आता कागदावरही होईल. जमिनीखाली वाहनतळाचा बेत आहे. समुद्राच्या एवढ्या जवळच्या या खोलगट जागेतलं पाणी कुठे काढणार, हे मला आराखड्यात आधी बघायचं आहे. झाडांची यादी नंतर.