कंपनीतून सुटलेला लॅपटॉप

मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्यांचे लॅपटॉप बिघडेपर्यंत वापरत नाहीत. यंत्र बहुधा तीन वर्षांच्या लीजवर असते. विकत घेतलेले असले, तरी वॉरंटी संपली की त्याच्या जागी नवे येते. प्राप्तिकराच्या हिशेबात संगणकावर वर्षाला ४० टक्के घसारा मिळतो, म्हणजे तीन वर्षांनी पुस्तकी किंमत मूळ किमतीच्या पाव हिश्शाच्याही खाली गेलेली असते. त्यामुळे चालू स्थितीतली शेकडो यंत्रे एकाच वेळी बाहेर पडतात. बाजाराच्या भाषेत हा ‘लॉट’. लॉट उचलणारा व्यापारी आतला डेटा पुसतो, खराब बॅटरी वा कीबोर्ड बदलतो, पंखा आणि बॉडी साफ करतो, ग्रेड लावतो आणि माल पुढे दुकानदारांकडे जातो. यालाच रिफर्बिश्ड म्हणायचे. यातली एकही पायरी न करता नुसते पुसून ठेवलेले यंत्रही त्याच नावाने विकले जाते आणि गिऱ्हाईक फसते ते इथेच.

या यंत्रांची घराणी ठरलेली आहेत: लेनोव्होचा थिंकपॅड, डेलचा लॅटिट्यूड आणि एचपीची एलिटबुक व प्रोबुक. थिंकपॅड मूळचा आयबीएमचा, १९९२ सालचा. २००५ मध्ये तो धंदा लेनोव्होने घेतला. ही यंत्रे दुकानातल्या काचेत चमकण्यासाठी नव्हे, तर कंपनीच्या आयटी विभागाला दुरुस्तीचा त्रास कमी व्हावा म्हणून घडवलेली असतात. बिजागऱ्या दणकट, कीबोर्डवर थोडे पाणी सांडले तरी चालेल अशी रचना, आणि कोणता स्क्रू कुठला, कोणता भाग कसा काढायचा हे सांगणारी सर्व्हिस मॅन्युअल कंपन्यांनी स्वतःच सर्वांसाठी खुली ठेवलेली. एकाच मॉडेलची लाखो यंत्रे निघाल्यामुळे सुटे भागही सहज मिळतात. २५-३० हजारांच्या नव्या घरगुती लॅपटॉपमध्ये यातले फारसे काही नसते. कार्यालयीन कामासाठी त्याच किमतीत किंवा कमी पैशांत तीन-चार वर्षे वापरलेला बिझनेस लॅपटॉप घेणे बहुतेक वेळा शहाणपणाचे ठरते. व्हिडिओ एडिटिंग किंवा गेमिंगसाठी मात्र त्याच्या नादी लागू नये.

जुने ते सोने हे इथे एका रेषेपर्यंतच खरे. ती रेषा म्हणजे इंटेलची आठवी जनरेशन. २०१७ च्या उत्तरार्धात लॅपटॉपच्या कमी विजेवर चालणाऱ्या ‘यू’ प्रोसेसरमध्ये इंटेलने दोनाऐवजी चार कोअर दिले. त्यामुळे आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह ८३५०यू हा सहाव्या जनरेशनच्या आय-सेव्हन ६६००यूपेक्षा कितीतरी पुढे आहे. पाटीवर मोठ्या अक्षरांत लिहिलेला ‘आय-सेव्हन’ म्हणूनच फारसा कामाचा नाही. त्यापुढचा आकडा वाचायचा असतो. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने दिलेली इंटेल प्रोसेसरची यादीही मोजके अपवाद सोडल्यास आठव्या जनरेशनपासूनच सुरू होते, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. सहाव्या-सातव्या जनरेशनच्या यंत्रांचे भाव पडण्यामागे हे मोठे कारण आहे. त्यांच्यावर आडवाटेने विंडोज ११ टाकून दिले जाते, ते चालतेही; पण पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. लिनक्स वापरणाऱ्याने अशी यंत्रे खुशाल घ्यावीत. आठव्या जनरेशनचा आय-फाइव्ह, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी असलेला चांगला लॅपटॉप साधारण १५ ते २५ हजारांच्या दरम्यान मिळतो.

मॉडेलचा आकडाही वय सांगतो. थिंकपॅड टी४८० हा २०१८ चा, टी४९० हा २०१९ चा, टी१४ हा २०२० चा. एलिटबुक ८४० जी५ म्हणजे २०१८ आणि पुढे दरवर्षी जी६, जी७. लॅटिट्यूडमध्ये ७४९० नंतर ७४००, ७४१० असा क्रम लागतो. इथे नवे तेच बरे असेही नाही. टी४८० मध्ये रॅमसाठी दोन स्लॉट आहेत आणि एक बॅटरी बाहेरून काढता येते. टी४९० मध्ये काही रॅम बोर्डावरच पक्की बसवलेली आणि स्लॉट एकच. सडपातळ एक्स-वन कार्बनमध्ये तर सगळीच रॅम पक्की. ८ जीबीचा एक्स-वन कार्बन घेतला की तो कायम ८ जीबीचाच राहतो.

आता घ्यायचा कुठून? या प्रश्नाचा खरा अर्थ असा की तपासणी कोणी करायची आणि पुढे काही बिघडले तर भुर्दंड कोणी सोसायचा. विक्रेत्याने ही जबाबदारी जितकी घेतली, तितकी किंमत वाढते.

सर्वांत महाग आणि सर्वांत निर्धास्त मार्ग म्हणजे निर्मात्या कंपनीने प्रमाणित केलेले यंत्र. एचपीने २०२४ मध्ये भारतात असा उपक्रम सुरू केला. मात्र मॉडेलची निवड मर्यादित असते आणि किंमत कधी कधी नव्या लॅपटॉपच्या इतकी जवळ जाते की मुद्दाच संपतो. त्याखालोखाल अमेझॉनच्या ‘रिन्यूड’सारखे ऑनलाइन विभाग. इथे परत करण्याची मुदत हा मोठा आधार आहे. पण ठळक नाव अमेझॉनचे असले, तरी वॉरंटी बहुधा त्यावर माल विकणाऱ्या व्यापाऱ्याची असते. त्या व्यापाऱ्याचे नाव, गाव आणि सर्व्हिसची सोय कुठे आहे, हे पैसे भरण्याआधी वाचलेले बरे. ग्रेड ए, बी, सी यांची कायद्याने ठरवलेली व्याख्या नाही. एकाचा ‘ए’ दुसऱ्याचा ‘बी’ असतो, आणि ग्रेड बहुतेक वेळा बॉडीवरच्या ओरखड्यांची असते, आतल्या तब्येतीची नसते.

तिसरा मार्ग बाजाराचा: मुंबईत ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीत नेहरू प्लेस, बंगळूरमध्ये एसपी रोड, चेन्नईत रिची स्ट्रीट. भाव कमी, घासाघीस शक्य आणि चार यंत्रे शेजारी-शेजारी लावून बघता येतात. वॉरंटी मात्र महिन्यांची असते, नाहीतर नुसती ‘टेस्टिंग वॉरंटी’, म्हणजे आठवडाभरात काही निघाले तर आणा. इथे तपासणीचे काम गिऱ्हाइकाने अंगावर घ्यायचे असते. ओएलएक्ससारख्या ठिकाणी खासगी माणसाकडून घेतलेल्या यंत्राला तेवढीही वॉरंटी नसते. तिथे निदान मूळ बिल तरी मागावे. राहिले लिलाव: एमएसटीसीसारख्या संस्थेच्या पोर्टलवर सरकारी कचेऱ्यांचे जुने संगणक निघतात, पण ‘आहे तसे, आहे तिथे’ या अटीवर आणि लॉटने. एका लॅपटॉपसाठी त्या वाटेला जाण्यात अर्थ नाही.

ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांनुसार, जे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले, रिफर्बिशरने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची असते. व्यापाऱ्याला नोंदणीबद्दल विचारले की त्याच्या धंद्याचे स्वरूप लवकर कळते. जुने संगणक परदेशातून परवानगीशिवाय आणता येत नाहीत, तरी बाहेरचा माल बाजारात दिसतो. तो ओळखायची एक खूण कीबोर्डवर असते: ३ च्या आकड्यावर पौंडाचे चिन्ह आणि उभी, उंच एंटर कळ असेल, तर यंत्र मूळचे ब्रिटनसाठी बनलेले. त्याने लॅपटॉप वाईट ठरत नाही, पण ‘पुण्याच्या कंपनीचा लॉट’ या सांगण्यावर किती विसंबायचे ते ठरते.

दुकानात यंत्र हातात आले की पहिले काम ते बंद करून बायोसमध्ये शिरण्याचे. तिथे पासवर्ड मागितला तर व्यवहार तिथेच थांबवावा. थिंकपॅडचा सुपरवायझर पासवर्ड हरवला, तर कंपनीचा अधिकृत उपाय मदरबोर्ड बदलणे हाच आहे. दुसरा सापळा अधिक छुपा. अनेक कंपन्या आपली यंत्रे मायक्रोसॉफ्टच्या ऑटोपायलट यंत्रणेत नोंदवतात आणि विकताना ती नोंद काढायला विसरतात. विक्रेता इंटरनेट न जोडता विंडोज टाकून देतो, सगळे छान चालते. सहा महिन्यांनी मालक लॅपटॉप रिसेट करतो, वायफाय जोडतो, आणि पडद्यावर भलत्याच कंपनीच्या नावाने स्वागत होऊन तिचा ईमेल व पासवर्ड मागितला जातो. ती नोंद फक्त मूळ कंपनीकडून किंवा मायक्रोसॉफ्टमार्फतच निघते. म्हणून यंत्र दुकानातच रिसेट करून, मोबाइलचा हॉटस्पॉट जोडून पाहावे. अर्धा-पाऊण तास मोडतो, दुकानदार कुरकुरतो. तरी हे सोडू नये.

बॅटरीबद्दल ‘तीन तास चालते’ हे उत्तर निरुपयोगी. विंडोजमध्येच बॅटरी रिपोर्ट काढण्याची कमांड आहे. त्यात मूळ क्षमता आणि आजची पूर्ण चार्ज क्षमता शेजारी-शेजारी दिसतात. ५० वॉट-अवरची बॅटरी ४० वर आली असेल तर चांगली, २५ वर असेल तर बदलण्याचा खर्च किमतीतून वजा करायला लावावा. टचपॅड एका बाजूने वर उचललेला वाटला, तर खाली फुगलेली बॅटरी असण्याची शक्यता असते. एसएसडी किती तास चालली आणि तिचे आयुष्य किती उरले, हे क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर सांगते. पॅनेल पूर्ण पांढरे आणि पूर्ण काळे करून डाग पाहावेत, आणि त्याचे रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८ असेल तर नाकारावे. १९२० बाय १०८० चा पडदा असलेली यंत्रे त्याच बाजारात भरपूर आहेत.

चार्जरकडे कोणी बघत नाही. डेलच्या गोल पिनेच्या मधली बारीक सुई चार्जरची ओळख लॅपटॉपला कळवते. चार्जर नकली असेल किंवा सुई वाकली असेल तर सुरू होताना ‘अडॅप्टर ओळखता आला नाही’ असा इशारा येतो, बॅटरी चार्ज होत नाही आणि प्रोसेसर मुद्दाम मंद चालतो. गिऱ्हाईक समजते की लॅपटॉपच मंद आहे. २०१८ च्या आसपासच्या थिंकपॅडमध्ये थंडरबोल्टच्या फर्मवेअरमधल्या दोषामुळे यूएसबी-सी पोर्टातून चार्जिंग बंद पडायचे. लेनोव्होने त्यावर अपडेट दिले आहे. टी४८० घेणाऱ्याने ते टाकलेले आहे का ते पाहावे आणि चार्जर प्रत्येक यूएसबी-सी पोर्टात लावून बघावा. विंडोज अस्सल आहे का, याचीही खूण सोपी: बिझनेस लॅपटॉपच्या बायोसमध्ये सहसा मूळ विंडोजची किल्ली असते, त्यामुळे तीच आवृत्ती नव्याने टाकली तरी ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. १८० दिवसांची मुदत दाखवणारे ॲक्टिव्हेशन असेल, तर ते जुगाड समजावे.

शेवटी बिल. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे, पण जुन्या मालाचा व्यापारी नियमानुसार फक्त आपल्या नफ्याच्या फरकावर कर भरू शकतो. अशा बिलावर कराचे इनपुट क्रेडिट मिळत नाही. जीएसटी नोंदणी असलेल्या व्यावसायिकाने पूर्ण कराचे बिल आणि हे बिल यांची तुलना क्रेडिट धरून करावी. बिलावर मॉडेल, सीरियल नंबर आणि वॉरंटीची मुदत लिहून घ्यावी. सीरियल नंबर किंवा डेलचा सात अक्षरी सर्व्हिस टॅग कंपनीच्या संकेतस्थळावर टाकला की यंत्र केव्हा विकले गेले आणि वॉरंटी कधी संपली ते दिसते. लॅपटॉपच्या पाठीवरचा आणि बायोसमधला नंबर वेगळा निघाला, तर मदरबोर्ड बदललेला आहे किंवा पाठ दुसऱ्या यंत्राची आहे.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणे ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल बिलात लिहिलेल्या मुदतीत परत घ्यायला नकार देणेही त्यातच मोडते, आणि मुदत लिहिलेलीच नसेल तर ती ३० दिवसांची धरली जाते. दिल्लीच्या व्यापाऱ्याकडून मागवलेल्या लॅपटॉपची तक्रार नाशिकचा ग्राहक नाशिकच्या जिल्हा आयोगात करू शकतो. राष्ट्रीय हेल्पलाइन १९१५ वर आहे. मात्र व्यापारी कारणासाठी केलेली खरेदी या कायद्याच्या कक्षेत येत नाही. स्वतःच्या उपजीविकेसाठी एक लॅपटॉप घेणारा कर सल्लागार ग्राहक ठरतो; क्लाससाठी वीस यंत्रांचा लॉट उचलणाऱ्या संस्थेला मात्र बहुधा करारावर आणि दिवाणी न्यायालयावरच भिस्त ठेवावी लागते, म्हणून तिने परतीच्या अटी आगाऊ रक्कम देण्यापूर्वीच लेखी घ्याव्यात.