रुळांवरील पादचारी पूल : नियोजन गर्दीच्या मिनिटांचे

रेल्वेमार्ग शहराचे दोन भाग करतो. एका अंगाला बाजारपेठ व कचेऱ्या, दुसऱ्या अंगाला वस्ती, अशी रचना भारतातील अनेक शहरांत आढळते. या दोन भागांना जोडणारा पादचारी पूल हे वरकरणी किरकोळ बांधकाम वाटते. उड्डाणपूल किंवा मेट्रो यांच्या तुलनेत त्याचा खर्च अल्प असतो आणि बहुधा म्हणूनच त्याच्या नियोजनाकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील रेल्वे सुरक्षाविषयक उच्चस्तरीय समितीने २०१२ च्या अहवालात असे नमूद केले होते की, रेल्वेच्या हद्दीतील अनधिकृत वावरामुळे दरवर्षी सुमारे १५ हजार व्यक्ती मृत्युमुखी पडतात आणि त्यांपैकी सुमारे ६ हजार मृत्यू एकट्या मुंबई उपनगरी मार्गांवर होतात. रेल्वे अधिनियम, १९८९ च्या कलम १४७ नुसार असा वावर हा दंडनीय गुन्हा आहे. तथापि, जेथे रूळ ओलांडण्यास अर्धे मिनिट आणि पूल चढून-उतरण्यास सात-आठ मिनिटे लागतात, तेथे केवळ दंडाच्या भीतीने माणूस पुलाकडे वळेल ही अपेक्षा व्यवहार्य नव्हे.

ही चढण टाळता येत नाही. विद्युतीकरण झालेल्या मार्गावर २५ हजार व्होल्ट दाबाची तार असल्याने पुलाचा तळ रुळांपासून सहा मीटरांहून अधिक उंचीवर ठेवावा लागतो. तुळयांची जाडी जमेस धरून फलाटाची उंची वजा केली, तरी प्रवाशाला सुमारे चाळीस पायऱ्या चढाव्या लागतात. पायऱ्यांऐवजी एकास बारा या प्रमाणात उतरण करावयाची झाल्यास तिची लांबी सत्तर मीटरांच्या पुढे जाते. दाट वस्तीच्या मध्यभागी एवढी जागा क्वचितच मिळते. त्यामुळे उद्वाहक व सरकते जिने हे मूळ आराखड्यातच अंतर्भूत असावे लागतात. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नंतर तर ही निव्वळ सोयीची बाब राहिलेली नाही.

जिन्याचे गणित

पुलाची क्षमता दिवसभरातील पादचाऱ्यांच्या संख्येवरून ठरविणे ही नियोजनातील सर्वांत घातक पद्धत होय. स्थानकावरील गर्दी दिवसभर सारखी वाहत नाही. ती गाडीबरोबर लोंढ्याने येते. समजा, दोन लोकल एकाच वेळी आल्या आणि एकूण १,५०० प्रवासी उतरले. गर्दीत जिन्याच्या एक मीटर रुंदीतून मिनिटाला साधारण ५० माणसे जाऊ शकतात असे धरले, तर तीन मीटर रुंदीच्या जिन्यातून मिनिटाला १५० माणसे बाहेर पडतील. म्हणजे जिना मोकळा होण्यास दहा मिनिटे लागतील. पुढील गाडी चार मिनिटांनी येत असेल, तर ती येते तेव्हा ९०० माणसे अद्याप फलाटावरच असतात. समोरून चढणाऱ्यांचा प्रवाह मिसळला की हा वेगही उरत नाही. पुलाचा माथा सहा मीटर रुंद केला आणि जिना तीनच मीटरांचा ठेवला, तर वाढीव रुंदीवर केवळ माणसे साठून राहतात. गर्दीच्या शास्त्राचे अभ्यासक जॉन फ्रुइन यांनी दाखवून दिले आहे की, एका चौरस मीटरमध्ये सातच्या आसपास माणसे कोंडली की व्यक्तीचा स्वतःच्या हालचालीवर ताबा राहत नाही. सारा समूह द्रवासारखा हलू लागतो.

परळचा अनुभव

मुंबईच्या एल्फिन्स्टन रोड स्थानकाला (जुलै २०१८ पासून प्रभादेवी) मध्य रेल्वेच्या परळ स्थानकाशी जोडणाऱ्या पुलावर २९ सप्टेंबर २०१७ रोजी सकाळी हेच घडले. अचानक आलेल्या जोराच्या पावसामुळे उतरणारे लोक जिन्यावर थबकले; मागून गाड्या मात्र माणसे आणीतच राहिल्या. या चेंगराचेंगरीत २३ जणांचा बळी गेला. पूल कोसळला नव्हता, त्यातील एक पायरीही तुटली नव्हती.

या घटनेची मुळे जमिनीच्या वापरात शोधावी लागतात. गिरणगावातील कामगार बव्हंशी आसपासच्या चाळींत राहत व पायी कामावर जात. १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने त्या जमिनींच्या पुनर्विकासाला वाट करून दिली. गिरण्यांच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे उभे राहिले. त्यांत काम करणारा वर्ग दूरच्या उपनगरांतून लोकलने येऊ लागला व त्याच अरुंद पुलावरून बाहेर पडू लागला. इमारतींना परवानगी देणारी यंत्रणा आणि पूल बांधणारी यंत्रणा यांच्यात या बदलाचा हिशेब कोणीच एकत्रितपणे मांडला नाही. रुंद पुलाला मंजुरी मिळाली होती. काम सुरू व्हावयाचे होते.

अपघातानंतर रेल्वेने पादचारी पुलांना प्रवासी सुविधांच्या यादीतून काढून अनिवार्य सुरक्षा कामांचा दर्जा दिला. निधीच्या प्राधान्यक्रमाच्या दृष्टीने हा फरक मोठा आहे. लष्कराच्या बॉम्बे सॅपर्सने उभारलेला येथील नवा पूल २७ फेब्रुवारी २०१८ रोजी खुला झाला. यावरून, प्रश्न बांधकामाच्या तंत्राचा नव्हता हे पुरेसे स्पष्ट होते. मात्र परळपुरता हा प्रश्न मर्यादित नाही. अलाहाबाद (२०१३), कोलकात्यानजीकचे सांत्रागाछी (२०१८) आणि नवी दिल्ली (१५ फेब्रुवारी २०२५) या स्थानकांवरील दुर्घटनांतही गर्दी पुलावर वा त्याच्या जिन्यावरच अडली होती.

अधिकारक्षेत्राची सीमारेषा

राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीनुसार रेल्वे हा संघसूचीतील विषय आहे (नोंद २२). ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत ‘रस्ते व पूल’ हा विषय नगरपालिकांकडे सोपविता येण्याजोग्या कामांत येतो. पादचारी पूल या दोहोंच्या सीमेवर उभा असतो. रुळांवरील भाग एकाचा, रस्त्याकडील जिना दुसऱ्याचा आणि पायथ्याशी बसणारे फेरीवाले कोणाचेच नाहीत, अशी स्थिती सर्रास दिसते. अंधेरीच्या गोखले पुलाचा पादचारी भाग ३ जुलै २०१८ रोजी रुळांवर कोसळला, तेव्हा देखभाल कोणाची यावरूनच वाद रंगला. १४ मार्च २०१९ रोजी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसबाहेरील हिमालय पूल कोसळला. त्याची संरचनात्मक तपासणी पूर्वीच झालेली होती.

म्हणून नव्या पुलाच्या प्रस्तावासोबत देखभालीचा करार, दोन्ही बाजूंच्या पायथ्याशी मोकळ्या जागेची हमी आणि परिसरातील मंजूर बांधकामांची यादी जोडणे आवश्यक ठरते. प्रत्यक्ष काम तुलनेने सोपे असते. तुळया कारखान्यात तयार होतात व रात्री वाहतूक आणि वीजपुरवठा काही तास थांबवून चढविल्या जातात. त्यासाठी रेल्वे सुरक्षा आयुक्तांची मान्यता लागते आणि हे आयुक्तालय रेल्वेच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये शिवडी-वरळी जोडरस्त्याच्या कामासाठी परळचा ब्रिटिशकालीन रस्ते-पूल पाडण्याकरिता बंद करण्यात आला. त्यावरील मोटारींना दूरच्या पुलांवरून वळसा देता आला. चालत जाणाऱ्यांसाठी उरले ते जवळचे पादचारी पूलच.